जवसाचं जड तेल

जवसाच्या तेलाचा डबा ओतला की तोंडाशी एक ओघळ उरतो. शेंगदाण्याच्या तेलाचा असा ओघळ कितीही दिवसांनी बोट लावलं तरी ओलाच लागतो. जवसाचा मात्र वाळतो. उडून जात नाही, जागच्या जागीच घट्ट होतो; तांबूस, पारदर्शक पापुद्रा होऊन पत्र्याला धरून बसतो आणि नखानं उचकटावा लागतो. अकोल्याच्या आमच्या घरात हे तेल स्वयंपाकघरात कमी आणि दाराच्या चौकटींना, भावाच्या बॅटला जास्त लागायचं. परीक्षा संपल्या की बॅट बाहेर निघायची, जुन्या बनियनच्या बोळ्यानं तिला तेल पाजलं जायचं आणि गच्चीच्या भिंतीला टेकून ती रात्रभर तशीच उभी असायची. सकाळी लाकडावर मंद चकाकी आलेली असायची आणि हाताला किंचित चिकटपणा लागायचा.

खायचं जवस ते चटणीतलं. तव्यावर टाकलं की तडतडतं, त्याचा वास घरभर फिरतो. मग लसूण, तिखट, मीठ घालून कुटायचं आणि ज्वारीच्या भाकरीबरोबर खायचं. आजी ही चटणी कधी मोठ्या बरणीत भरून ठेवायची नाही. "लागन तेवढीच कर माय, जवस खवट होते," असं तिचं सांगणं. चौकटीवर वाळणारं तेल आणि बरणीत खवट होणारी चटणी यांचं मूळ एकच आहे, हे मला पुढे अमरावतीला रसायनशास्त्र शिकताना कळलं. तेव्हापासून हा विषय मनातून गेलेला नाही.

जवसाच्या तेलात साधारण निम्मा किंवा त्याहून थोडा अधिक भाग अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा. १८ कार्बनची साखळी आणि तीत तीन ठिकाणी दुहेरी बंध. दोन दुहेरी बंधांच्या मधोमध जो एकटा कार्बन सापडतो, त्याच्यावरचे हायड्रोजन फार सैल धरलेले असतात. हवेतला ऑक्सिजन नेमका तिथं हात घालतो. एक हायड्रोजन सुटला की ती साखळी ऑक्सिजनला धरते, मग शेजारच्या साखळीचा हायड्रोजन ओढते, आणि हे लोण पसरत जातं. साखळ्या एकमेकींत गुंतल्या की पापुद्रा धरतो. तुटून त्यांचे बारीक तुकडे झाले की खवट वास सुटतो. सरकीच्या तेलात लिनोलेइक आम्ल जास्त, त्यात दुहेरी बंध दोनच. म्हणून ते तेल इतकं उतावीळ नसतं.

आपल्या प्रत्येक पेशीच्या पातळ आवरणात अशाच साखळ्या बसवलेल्या आहेत. त्यांतली एक अ‍ॅराकिडोनिक आम्लाची: २० कार्बन, चार दुहेरी बंध, म्हणजे जवसापेक्षाही उतावीळ. पेशी तिला मोकळी फिरू देत नाही. आवरणात जखडून ठेवते. ठेच लागली, जंतू शिरला, की एक विकर तिला कापून सोडवतं, दुसरं विकर तिला पकडून ऑक्सिजनचे दोन रेणू ठरलेल्या जागांवर बसवतं, आणि त्यातून प्रोस्टाग्लँडिनं तयार होतात. अंगात ताप चढतो, सूज येते, ठणका लागतो. बाळंतपणाच्या कळांमागेही यांचा हात असतो. अ‍ॅस्पिरिन अडवतं ते या दुसऱ्या विकराचं काम, हे जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं, आणि १९८२ चं नोबेल त्यांना सुने बर्गस्ट्रॉम आणि बेंग्ट साम्युएल्सन या दोन स्वीडिश संशोधकांबरोबर मिळालं. बरणीत जे बेबंद घडतं तेच पेशीत इतक्या शिस्तीनं घडावं आणि त्या शिस्तीतून शरीरानं स्वतःला निरोप पाठवावेत, याचं आश्चर्य माझ्यापुरतं अजून ओसरलेलं नाही.

हे निरोप टिकत नाहीत. रक्ताची गुठळी धरायला मदत करणारा थ्रॉम्बॉक्सेन-ए-२ पाण्यात अर्ध्या मिनिटात निम्मा संपतो. आणि प्रमाण किती, तर रक्ताच्या एका मिलिलिटरमागे पिकोग्रॅममध्ये मोजावं इतकं. एका ग्रॅमचे लाख कोटी भाग केले तर त्यांतला एक म्हणजे पिकोग्रॅम. शिवाय शिरेत सुई शिरली की प्लेटलेट जाग्या होतात आणि आपण जे मोजायला आलो तेच तिथल्या तिथं बनवू लागतात. नमुना हाती आला तरी तो गाळायचा, द्रावकात ओढून घ्यायचा, वाळवायचा, पुन्हा विरघळवायचा. प्रत्येक पायरीवर थोडं काचेला चिकटतं, थोडं गाळणीत अडकतं, थोडं हवेच्या स्पर्शानं बिघडतं. यंत्रासमोर शेवटी जे पोचतं ते मुळातलं निम्मं आहे की दहावा हिस्सा, हे त्याच्याकडे बघून सांगता येत नाही.

मोजमापाचं हे दुखणं वऱ्हाडाला चांगलं ओळखीचं आहे. शेतातून निघालेला कापूस काट्यावर चढेपर्यंत त्यात घट धरली जाते: ओलाव्याची, कचऱ्याची, कडत्याची. कारंजा लाडला १८८६ मध्ये देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार उभा राहिला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस-धान्य बाजाराचा कायदा आला, त्याच्या मुळाशी खरं वजन कुणाचं मानायचं हाच प्रश्न होता. वाटेत जे गळलं त्याचा हिशेब कुणी द्यायचा? बाजारात या प्रश्नाला उत्तर मिळतं ते बहुधा ज्याच्या हातात काटा त्याच्या बाजूनं. प्रयोगशाळेत त्यावर एक न्याय्य उपाय निघाला, आणि तो मला फार आवडतो.

तो मी सरकीवरून समजावून घेतला. जिनिंगच्या आवारात सरकीचा ढीग पडलेला आहे आणि त्यात किती बिया आहेत हे हवंय. मोजत बसणं शक्य नाही. मग बरोबर एक हजार बिया रंगवून घ्यायच्या, ढिगात टाकायच्या आणि ढीग वरखाली करून नीट मिसळायचा. आता एक टोपलं भरून घ्यायचं. त्यात एका रंगीत बीमागे पाचशे साध्या बिया निघाल्या, तर ढिगात पाच लाख बिया होत्या. आणि मिसळल्यानंतर रात्रीतून निम्मा ढीग कुणी उचलून नेला तरी हे उत्तर बदलत नाही, कारण साध्या बिया जितक्या पटीनं गेल्या तितक्याच पटीनं रंगीत गेल्या.

रेणूला रंग देता येत नाही. रंगाचा कण त्याच्याएवढाच मोठा असतो. तो चिकटवला की रेणू वेगळाच वागू लागतो. खूण अशी हवी की वागणं तेच राहावं आणि तरीही ओळखू यावं. समस्थानिक नेमकं हे देतात. हायड्रोजनच्या जागी त्याचा दुप्पट वजनाचा भाऊ ड्युटेरियम बसवला की रसायन तेच राहतं, वजन तेवढं वाढतं. मास स्पेक्ट्रोमीटर रेणूंना विद्युतभार देऊन वजनाप्रमाणे वेगळं करतो. त्यावर अ‍ॅराकिडोनिक आम्ल ३०३ या आकड्याला दिसतं, आणि आठ ड्युटेरियम बसवलेलं ३११ ला. दोन शिखरं शेजारी उभी राहतात. एकाची उंची शरीरानं ठरवलेली, दुसऱ्याची आपण. साम्युएल्सन, हामबेर्ग आणि स्वीली यांनी १९७० मध्ये प्रोस्टाग्लँडिन-ई-१ असंच मोजून दाखवलं, ग्रॅमच्या अब्जाव्या भागाच्या पातळीवर, ड्युटेरियम घातलेला जोडीदार त्यात मिसळून.

या जोडीदाराबद्दल मी पुष्कळ विचार केला आहे. त्याला नमुन्यात सगळ्यांत आधी टाकायचं असतं, रक्त किंवा मूत्र हाती आल्या आल्या, पहिली गळती सुरू व्हायच्या आत. पुढे जे जे मूळ रेणूच्या वाट्याला येतं ते सगळं त्याच्याही वाट्याला येतं. गाळणीत तो अडकतो, काचेला तो चिकटतो, वाळवताना तो उडतो. आपण नुकसान थांबवलेलं नसतं. त्या नुकसानीत त्याला भागीदार केलेलं असतं. म्हणूनच शेवटी हाती राहिलेल्या चिमूटभरातून सुरुवातीचा पूर्ण आकडा परत मिळतो. फार मायेनं, फार खर्चानं एक वस्तू घडवायची आणि ती दुसऱ्याच्या संगतीनं हरवण्यासाठी सोडून द्यायची, असं काम जगात फारसं नसेल.

खुणेच्या अणूंची कल्पना जुनी आहे. हंगेरीत जन्मलेला जॉर्ज द हेवेशी १९११ च्या सुमारास मँचेस्टरला रदरफर्डच्या प्रयोगशाळेत होता आणि एका घरमालकिणीकडे जेवत होता. ती आदल्या जेवणातलं उरलेलं पुन्हा वाढते असा त्याचा संशय. त्यानं ताटात मागे टाकलेल्या अन्नात किरणोत्सारी कण मिसळले आणि पुढच्या दिवसांत आलेल्या पदार्थाजवळ उपकरण धरलं. संशय खरा निघाला. ही गोष्ट तो स्वतःच सांगायचा. अमरावतीत मेसचं जेवण जेवलेल्या कुणालाही ती ऐकताना दाद द्यावीशी वाटेल. मला तिच्यात एक कोवळी गोष्टही दिसते. अणूचा मागोवा घेण्याची विद्या प्रयोगशाळेतून निघून पहिल्यांदा जिथं गेली ती जागा ताटाची होती.

तीच विद्या पुढे जवसापर्यंत आली. १९३१ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात हॅरल्ड युरी यांनी ड्युटेरियम शोधलं. दोन वर्षांनी जर्मनीत हिटलर सत्तेवर आला आणि फ्रायबर्गला काम करणारे रुडॉल्फ शोनहायमर, जन्मानं ज्यू, देश सोडून कोलंबियात आले. युरींचे विद्यार्थी डेव्हिड रिटनबर्ग त्यांना तिथं भेटले. १९३५ मध्ये या दोघांनी जवसाचं तेल घेतलं आणि त्याच्या दुहेरी बंधांवर साध्या हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम चढवलं. जवसच घेण्याचं कारण उघड आहे: दुहेरी बंध भरपूर, म्हणून खूण बसवायला जागा भरपूर. हे जड तेल त्यांनी उंदरांना खाऊ घातलं.

तोपर्यंत समज अशी होती की अंगावरची चरबी म्हणजे साठवण. रोजचं खाणं रोज जळतं, उरलं तर कोठीत जातं, आणि उपास पडला तरच ती कोठी उघडते. उंदरांनी दुसरंच सांगितलं. खाल्लेल्या जड तेलाचा मोठा वाटा थेट चरबीत जाऊन बसला होता, आणि तिथलं जुनं बाहेर पडत होतं. कोठीचं दार कधी बंदच नव्हतं. शरीराचं वजन स्थिर दिसत असताना आतलं सामान सारखं बदलत होतं. शोनहायमरनी पुढे प्रथिनांबाबतही हेच दाखवलं. १९४१ मध्ये त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं, तेव्हा ते अवघे त्रेचाळीस वर्षांचे होते. शरीरघटकांच्या या अखंड हालचालीवरची त्यांची व्याख्यानं पुढच्या वर्षी पुस्तकरूपानं आली. आपण आहोत तसे राहतो ते सतत बदलले जात असल्यामुळे, हे इतक्या ठामपणे पहिल्यांदा कळलं ते उंदराच्या पोटात गेलेल्या जवसाच्या तेलामुळे, आणि जवस खाणाऱ्या आमच्या गावांत ही गोष्ट शाळेतल्या मुलांना सांगितली जावी असं मला मनापासून वाटतं.

कारण शोनहायमरनी केलेली क्रिया वऱ्हाडाला परकी नव्हती. तेलाच्या दुहेरी बंधांवर हायड्रोजन चढवणं म्हणजेच वनस्पती तूप करणं. शेगावला 'बेरार स्वदेशी वनस्पती' हा कारखाना होता. सरकी पिकवणाऱ्या मुलखात तो असणं साहजिकच. निकेलचं बारीक चूर्ण, तापलेलं तेल, दाबाखालचा हायड्रोजन, आणि थंड झाल्यावर पांढरं रवाळ घट्ट तूप. कोलंबियातल्या प्रयोगशाळेत आणि अशा कारखान्यात फरक वायूचा. नागपूरला रावबहादूर लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून १९४२ मध्ये उभी राहिलेली लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट तेलांचं तंत्रज्ञान शिकवू लागली, आणि विदर्भातल्या किती पोरांनी तिथं हायड्रोजन चढवण्याचं गणित पाठ केलं असेल. वायू बदलला की तेच गणित शरीराच्या आत डोकावण्याची खिडकी होतं, एवढं एक वाक्य त्या तासाला कुणी जोडलं असतं तर काय झालं असतं, असं माझ्या मनात येतं.

जड हायड्रोजन काही दुर्मिळ खनिज नाही. आपण पितो त्या पाण्यात दर ६,४०० हायड्रोजन अणूंमागे साधारण एक ड्युटेरियमचा असतो. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या पुढे जातो, माठ दिवसभर पाझरतो आणि त्यातलं पाणी गार होत राहतं. त्या पाझरण्यात हलके रेणू थोडे लवकर उडतात, जड थोडे मागे राहतात. संध्याकाळी माठात उरलेलं पाणी सकाळच्या पाण्यापेक्षा अगदी नखभर जड असतं. जिभेला कळत नाही, यंत्राला कळतं. भर उन्हात उभ्या कपाशीच्या पानातलंही तेच. पण ते झाड बियांत तेल बनवतं तेव्हा ड्युटेरियमला मागे ठेवतं. वनस्पतींच्या तेलात ते त्यांच्या पाण्यापेक्षा कमी सापडतं. झाडाचा कल हलक्या तेलाकडे. जड तेल माणसालाच करावं लागतं.

शुद्ध जड पाणी दिसायला पाण्यासारखंच. त्याचा बर्फ ३.८ अंशांना वितळतो आणि साध्या पाण्यात टाकला तर बुडतो. त्याला चव नाही असं युरींनी १९३५ मध्ये जाहीर केलं होतं. २०२१ मध्ये झालेल्या अभ्यासात माणसांना ते किंचित गोड लागतं असं निघालं. महाराष्ट्रात ते रायगड जिल्ह्यात अलिबागजवळ थळला बनतं. तिथं १९८७ पासून खत कारखान्याच्या शेजारी जड पाण्याचा प्रकल्प आहे. खतासाठी लागणाऱ्या वायूंतलं ड्युटेरियम अमोनियाच्या मदतीनं टप्प्याटप्प्यानं वेचून काढतात. ते मुख्यतः अणुभट्ट्यांसाठी. पण त्याच पाण्यातून वीज सोडली की ड्युटेरियमचा वायू निघतो, आणि भारत जड पाण्याच्या जगातल्या मोठ्या उत्पादकांपैकी एक आहे.

एवढं असूनही आठ ड्युटेरियमचं अ‍ॅराकिडोनिक आम्ल आपल्याकडच्या प्रयोगशाळेला हवं असलं की बहुतेक वेळा ते परदेशातून मागवावं लागतं. काही मिलिग्रॅमची सीलबंद कुपी, कोरड्या बर्फात. मी काम करत होते त्या ठिकाणी अशी कुपी एकदा वाटेत रखडली. खोका उघडला तेव्हा बर्फ केव्हाच उडून गेला होता. आत किती शाबूत आहे हे कळायला पुन्हा दुसरी कुपी हवी होती.

ते आम्ल घडवायची रीत मला या सगळ्यातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. चार दुहेरी बंधांच्या जागी आधी चार तिहेरी बंध असलेली साखळी बांधतात. तांब्याच्या क्षाराच्या मदतीनं तुकड्याला तुकडा जोडत जायचं. ही साखळी उजेडात, हवेत, जरा उबेत ठेवली तरी तपकिरी पडते. मग तिच्यावर ड्युटेरियम वायू सोडायचा. पण बेतानं. प्रत्येक तिहेरी बंधावर दोनच अणू बसले पाहिजेत, आणि दोन्ही एकाच बाजूनं. वनस्पती तुपासाठी वापरतात तसा जोरकस उत्प्रेरक घेतला तर तो थांबणार नाही, साखळी पूर्ण भरून टाकील. इथं उपयोगी पडतो तो बाझेलच्या हर्बर्ट लिंडलार यांनी १९५२ मध्ये प्रसिद्ध केलेला उत्प्रेरक: चुनखडीच्या चूर्णावर पॅलेडियम, आणि त्या पॅलेडियमला शिशानं मुद्दाम मंद केलेलं. वर क्विनोलिनचे थेंब. त्याची ताकद काढून घेतलेली असते म्हणूनच तो अर्ध्यावर थांबतो. आठ अणू बसतात, चारही बंध निसर्गातल्यासारखे एका अंगाला वळलेले तयार होतात. मग चांदीचा क्षार चोळलेल्या सिलिकाच्या स्तंभातून ते गाळायचं. चांदी दुहेरी बंधांना धरते, जितके बंध जास्त तितकं घट्ट, त्यामुळे जास्त किंवा कमी भरलेल्या साखळ्या वेगळ्या निघतात. चांदीचा क्षार उजेडानं काळा पडतो, म्हणून हे काम काळा कागद गुंडाळून, मिणमिणत्या दिव्यात.

यात एक बारकावा आहे. ते आठ ड्युटेरियम दुहेरी बंधांच्या कार्बनवरच बसतात. मधल्या एकट्या कार्बनवरचे सैल हायड्रोजन, ज्यांच्यावर ऑक्सिजन झडप घालतो, ते साधेच राहतात. तसंच हवं असतं. ड्युटेरियमचा बंध तोडायला जास्त जोर लागतो. तो जर त्या सैल जागी बसवला तर जोडीदार कमी बिघडेल, मूळ रेणू जास्त, आणि दोघांच्या नुकसानीचं नातं तुटेल. सोयाबीनमधलं लिपॉक्सिजनेज हे विकर तर या बाबतीत विलक्षण आहे: लिनोलेइक आम्लाच्या त्या सैल जागी ड्युटेरियम असला की त्याचा वेग सुमारे ८० पटींनी पडतो. हेच विकर सोयाबीनच्या दुधाला कच्चट वास देतं. वऱ्हाडात कपाशीची किती शिवारं सोयाबीनकडे वळली. त्या प्रत्येक दाण्यात रसायनशास्त्रातलं एवढं मोठं नवल भरलेलं आहे. मिखाईल शेपिनोव यांनी याच गुणाचा उलटा उपयोग सुचवला: सैल जागा जड करून तेल खवट होण्यापासून राखायचं, पेशीच्या आतसुद्धा. खूण कुठं बसवली यावर ती साक्षीदार होणार की राखणदार, हे ठरतं. मोजायला निघालेल्याला साक्षीदार हवा असतो. तरीही साक्षीदार अगदी हुबेहूब नसतो. गाळणीच्या नळीतून जड रेणू मूळ रेणूच्या काही क्षण आधी बाहेर येतो, आणि आकडे मांडताना ते काही क्षण ध्यानात ठेवावे लागतात.

हे सगळं गारव्याचं काम. आम्ल उणे ८० अंशांत, नायट्रोजनच्या आवरणाखाली ठेवायचं. लोडशेडिंगच्या काळात विदर्भात ज्यांनी प्रयोगशाळा सांभाळल्या त्यांना विचारावं, फ्रीजरची घरघर थांबली की पोटात कसा गोळा येतो. अमरावतीत १९२३ मध्ये सुरू झालेलं किंग एडवर्ड कॉलेज, पुढचं विदर्भ महाविद्यालय, आताची शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था. तिथं आणि या भागातल्या इतर कॉलेजांत पिढ्यान् पिढ्या पोरं चाल्कोन आणि फ्लॅव्होन बनवत आली आहेत. स्फटिक पाडायचे, गाळायचे, वितळणबिंदू बघायचा. त्या हातांत कसब आहे. बाजारात मिळणाऱ्या साध्या रसायनांतून नवा रेणू उभा करणं त्यांना जमतं. तेलाचा रेणू स्फटिक देत नाही, वास येतो आणि बिघडतो, एवढाच काय तो सवयीचा फरक.

आणि मोजण्यासारखं आमच्या दारात खूप आहे. चटणीतल्या जवसाचं पोटात गेल्यावर काय होतं, हे समस्थानिकांनीच थोडंफार उलगडलं. अल्फा-लिनोलेनिक आम्लापासून शरीर माशांच्या तेलात असतात तशी लांब साखळीची आम्लं बनवू शकतं, पण बेतानंच. साउथॅम्प्टनच्या बर्ज आणि वूटन यांनी २००२ मध्ये कार्बन-१३ ची खूण घालून पाहिलं तेव्हा तरुण स्त्रियांचं शरीर हे काम पुरुषांपेक्षा बरंच जास्त करताना आढळलं. त्यात सरकी-सोयाबीनच्या तेलातलं लिनोलेइक आम्ल त्याच विकरांसाठी रांगेत उभं असतं. ते ताटात वाढलं की जवसाला जागा कमी मिळते. मग ज्या घरात हिवाळाभर जवसाची चटणी आणि वर्षभर सोयाबीनचं तेल, त्या घरातल्या बाईच्या रक्तात नेमकं काय तयार होतं? सूज वाढवणारे निरोप किती, ती शमवणारे किती? मला हे अकोल्यातल्या बायांबद्दल जाणून घ्यायचं आहे, नागपूरच्या कृषी महाविद्यालयात निवडलेल्या जवसाच्या वाणांबद्दल, आमच्या ताटाबद्दल.

आणि मेळघाटाबद्दल. विदर्भात सिकलसेलचा आजार मोठा आहे. त्याचा झटका आला की हाडांत असा ठणका उठतो की लहान मूल बोलेनासं होतं. दवाखान्यात त्याच्यापुढे हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांचा तक्ता धरतात आणि विचारतात, किती दुखतंय? धारणीकडचं कोरकू बोलणारं पोर त्या चेहऱ्यांकडे पाहतं आणि मग आईकडे पाहतं. अ‍ॅराकिडोनिक आम्लापासूनच बनणारा ल्युकोट्राइन-ई-४ सिकलसेलच्या रुग्णांच्या मूत्रात वाढलेला आढळला आहे. मूत्र घ्यायला सुई लागत नाही, प्लेटलेट जाग्या होत नाहीत, आणि हा रेणू त्या मानानं टिकाऊ असतो. जड जोडीदार हाताशी असेल तर त्या दुखण्याचा एक आकडा मिळू शकतो, पोरानं न बोलता.

मागच्या दिवाळीत अमरावतीला एका एम.एस्सी.च्या मुलीशी या सगळ्यावर बोलत होते. तिनं वहीत तिहेरी बंधांची साखळी काढली, पहिल्या तुकड्याला काय घ्यायचं ते विचारलं, तांब्याचा कोणता क्षार तेही विचारलं. मग म्हणाली, "मॅडम, उन्हाळ्यात नाही जमणार हे." बरोबर होतं तिचं. सुट्ट्या संपल्या की लगेच सुरू करायला हवं, म्हणजे शिमग्याच्या आत, रात्री अजून गार असताना, चारही तुकडे जोडून होतील. ड्युटेरियमचं काम त्यानंतर एका दुपारचं. तिनं सिलिंडरच्या चौकशीसाठी कुणाला फोन करायचा ते लिहून घेतलं.